वेदनेची नोंद आणि तिची मालकी : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

औद्योगिक इतिहासाचे लेखन करताना कारखान्यांची स्थापना, उत्पादन, कामगार संघटना व संप यांचा विचार सामान्यतः केला जातो. कामगाराच्या पाठीत, खांद्यात वा मनगटात वर्षानुवर्षे साचत जाणाऱ्या दुखण्याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्याचे एक कारण साधनांचे आहे. जे नोंदले गेले नाही, ते अभिलेखागारात सापडत नाही. प्रस्तुत लेखात दीर्घकालीन वेदनेची नोंद कोणी ठेवली व ती कोणाच्या ताब्यात राहिली, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर या परिसराचे रूप झपाट्याने पालटले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. चाकणला १९९९ मध्ये बजाज ऑटोचा व २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि वाहनउद्योगाचा पट्टा उत्तरेकडे सरकला. हा तपशील सर्वपरिचित असल्याने येथे अधिक विस्तार करीत नाही.

या साऱ्या काळात कामगाराच्या शारीरिक त्रासाची अधिकृत नोंद प्रामुख्याने अपघाताच्या स्वरूपात झाली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला इजा दिसावी लागे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ८८ नुसार, अपघातानंतर ४८ तास वा अधिक काळ काम करता न आल्यास तो कळविणे बंधनकारक होते. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिसेबाधा, सिलिकोसिस, गोंगाटामुळे येणारे बहिरेपण यांचा समावेश होता, कंबरदुखीचा नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. बोट तुटले तर तारीख असते. जुळणीच्या साखळीवर एकच हालचाल दिवसभर करून धरलेल्या खांद्याला तारीख नसते, आणि तारीख नसलेल्या दुखण्यास नोंदवहीत रकाना नव्हता. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर दुखणे सांगणे म्हणजे पुढील कंत्राटात आपले नाव राहील की नाही, याची चिंता ओढवून घेणे होय. म्हणून ते सांगितले जात नाही.

वैद्यकशास्त्रातही रुग्णाच्या शब्दास प्रतिष्ठा उशिरा मिळाली. १९६५ मध्ये मेल्झॅक व वॉल यांनी वेदनेचा द्वार-सिद्धान्त मांडला. १९७५ मध्ये मेल्झॅक यांनी मॅकगिल वेदना-प्रश्नावली प्रसिद्ध केली व वेदनेच्या तीव्रतेबरोबर तिची जात शब्दांनी मोजण्याची पद्धत रूढ झाली. या दृष्टीने मराठी भाषा संपन्न आहे. कळ, ठणका, चमक, उसण, ठसठस, मुंग्या, अवघडणे, भरून येणे हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रोजनिशी भरणाऱ्यास हे शब्द वापरता आले नाहीत, तर शून्य ते दहा हा आकडा तेवढा उरतो.

डिजिटल रोजनिशीच्या इतिहासातील एक प्रसंग येथे विशेष उद्बोधक आहे. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आर्थर स्टोन व सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. दीर्घकालीन वेदनेच्या ८० रुग्णांपैकी काहींना कागदी रोजनिशी व काहींना तळहातावर मावणाऱ्या संगणकातील रोजनिशी दिली होती. कागदी रोजनिशीवरून ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्याचे दिसत होते. तथापि वहीच्या बांधणीत प्रकाशसंवेदक दडवला होता. प्रत्यक्षात वेळेवर झालेल्या नोंदी अवघ्या ११ टक्के निघाल्या. संगणकीय रोजनिशीत हेच प्रमाण ९४ टक्के होते. यावरून कागदी वही अविश्वसनीय व यंत्र विश्वसनीय, असा निष्कर्ष सर्वत्र उद्धृत होतो. तो बरोबर आहे. पण ज्यांची वही गुपचूप पाहिली जात होती त्या रुग्णांकडे कोणी फारसे वळून पाहत नाही. वेदनेची खासगी नोंद आरंभापासूनच दुसऱ्याच्या नजरेखाली होती.

आज पाळी संपवून खोलीवर परतलेला कामगार मोबाईलमध्ये चार ओळी लिहू शकतो : कोणत्या यंत्रावर होतो, किती वाजता कळ आली, रात्री झोप लागली का. तीन महिन्यांच्या अशा नोंदी डॉक्टरांसमोर ठेवल्यास ‘कधीपासून दुखते?’ या प्रश्नास उत्तर मिळते. मात्र नोंदी फोनमध्येच राहतात की अॅप पुरविणाऱ्याच्या सर्व्हरवर जातात, हे आधी तपासावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. असे असूनही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम ७ मध्ये, नोकरीच्या प्रयोजनासाठी व मालकाला हानीपासून वाचविण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. ही मुभा दुखऱ्या खांद्याच्या नोंदीपर्यंत कितपत पोहोचते, हे न्यायालयांना ठरवावे लागेल. तोपर्यंत कंपनीने दिलेल्या फोनवर वा कंपनीच्या आरोग्य-अॅपमध्ये अशी रोजनिशी ठेवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. साधी वही, कुलूप असलेल्या पेटीत, अजूनही चालते. तारीख मात्र त्याच दिवशी घालावी.