अकुर्मी : एका नावाचा शोध

'अकुर्मी' हे नाव प्रथम वाचले तेव्हा माझ्याही मनात आपल्याकडचे कुर्मीच आले. नामसाम्यावरून इतिहास रचण्याची आपली खोड जुनी आहे. पण या दोहोंचा काही संबंध नाही. अकुर्मी हे उत्तर नायजेरियातील कदुना राज्यातले, लेरे आणि कौरू परिसरातले शेतकरी लोक. ज्वारी, बाजरी आणि मका ही तिथली पिके. लेरेचे मुख्य ठिकाण असलेले सामिनाका धान्यबाजारासाठी ओळखले जाते.

नावाची फोड त्यांच्या भाषेतच सापडते. ती नायजर-काँगो कुळाच्या कैंजी शाखेतली. या भाषांत नामाचा वर्ग शब्दाच्या आरंभी लागणाऱ्या उपसर्गावरून कळतो. 'अ' लागला की लोक, 'ति' लागला की त्यांची बोली : अकुर्मी आणि तिकुर्मी. आपल्याकडे 'अ' नकार दाखवतो. तिथे तो माणसे एकत्र आणतो.

कागदोपत्री मात्र हे लोक 'कुरामा' झाले. याचे कारण सत्तेच्या इतिहासात आहे. 1804मध्ये उस्मान दान फोदियोचा जिहाद सुरू झाला आणि झाझाउ, म्हणजे झारियाची गादी, फुलानी अमिरांकडे गेली. लेरे आणि कौरू ही तिची मांडलिक ठाणी. एकोणिसाव्या शतकात या प्रदेशातल्या बिगर-मुस्लिम समाजांवर गुलामांसाठी धाडी पडत. 1902मध्ये ब्रिटिशांनी झारिया घेतले. त्या वेळचा हाय कमिशनर लुगार्ड 1858मध्ये मद्रासेत जन्मलेला. त्याने अमिराची गादी कायम ठेवली आणि अमिराजवळ रेसिडेंट नेमला. पुणे-नागपूरच्या इतिहासातून आपल्याला हे पद परिचित आहे. धाडी थांबल्या, पण लहान समाजांवर अमिराची हुकमत कायम राहिली, आणि तिच्यावर आता साहेब बसला.

म्हणूनच साधनांबाबत सावध राहावे लागते. उत्तर नायजेरियातील जमातींवरचा मीकचा ग्रंथ 1925चा. तो स्वतः 1921च्या खानेसुमारीचा अधिकारी होता. एम. जी. स्मिथचा 1960चा ग्रंथ झाझाउच्या राज्यकारभाराचा. दोन्ही मोलाचे; पण एकात मोजणाऱ्याची नजर आहे, दुसऱ्यात दरबाराची. 2006च्या जनगणनेत तर वांशिक ओळख विचारलीच गेली नाही. आपल्याकडेही 1931नंतर जातवार मोजणी दशकानुदशके बंद होती. त्यामागे काय घडते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

उरते ती भाषा. आसपासच्या कितीतरी छोट्या कैंजी भाषा हौसापुढे मागे सरल्या आहेत. तिकुर्मी गेली तर 'अकुर्मी'तला तो 'अ' निव्वळ अक्षर उरेल.

माझ्या टिपणवहीतल्या पानावर आता मथळा 'अकुर्मी' आहे. 'कुरामा' हे नाव मी कंसात राहू दिले आहे. कारण जुन्या दप्तरात या लोकांना शोधायचे, तर अजूनही त्याच नावाने शोधावे लागते.