फुटलेल्या पाट्या आणि म्हातारी आई

मागच्या वेळी आपण दहा आज्ञांपर्यंत आलो होतो. मोशेनं रागाच्या भरात दगडी पाट्या फोडल्या, मग नव्या आल्या. फुटलेल्यांचं काय झालं? तालमूद सांगतो, की ते तुकडेही अखंड पाट्यांशेजारी त्याच पवित्र पेटीत ठेवले होते. त्यावरूनच ताकीद दिली आहे: नाइलाजानं विद्या विसरलेल्या म्हाताऱ्याचा मान राखा. डिमेन्शियाच्या घरांशी बोलताना आजचे रब्बी हा दाखला वारंवार देतात.

पण मान राखा म्हणणं सोपं. रात्रंदिवस सांभाळणाऱ्यांनी काय करायचं?

तालमुदातच रव्ह अस्सी या बाबिलोनियातल्या पंडिताची गोष्ट आहे. म्हाताऱ्या आईनं दागिने मागितले, त्यांनी दिले. मग नवरा हवा म्हणाली, बघतो म्हणाले. मग म्हणाली, तुझ्यासारखाच देखणा हवा! ते तिला सोडून थेट इस्राएलच्या भूमीत निघून गेले. पुढे कळलं, आई मागोमाग येतेय. आणि मग कळलं, येतेय ती तिची शवपेटी.

तालमूद त्यांना दोष देत नाही, आणि शाबासकीही नाही.

बाराव्या शतकात मायमोनिडीज (पेशानं वैद्य, हे विसरू नका) नियम सांगतात: आईवडिलांचं चित्त बिघडलं तर त्यांच्या कलानं घ्या. अगदीच सोसेनासं झालं तर बाजूला व्हा, पण नीट काळजी घ्यायला इतरांना सांगून जा. त्यावर दक्षिण फ्रान्समधल्या राबादांचा रोखठोक शेरा आहे: हा निवाडा बरोबर नाही, मुलगाच गेला तर सांभाळणार कोण?

आम्हाला राबादांचा प्रश्न जास्त बोचतो. ते ‘इतर’ कोण? इथे समाज येतो. आजाऱ्याची विचारपूस, ‘बिकुर होलिम’, हे ज्यूंमध्ये कर्तव्यच. पुढे गावोगावी त्यासाठी मंडळं निघाली. आणि विचारपूस म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. रब्बी अकिवा आजारी शिष्याकडे गेले, तेव्हा त्याची खोली झाडून पाणी शिंपडलं गेलं, अशी कथा आहे. थकलेल्या सुनेला असाच पाहुणा हवा असतो, नाही का?

आता आपल्या कोकणातले बेने इस्राएल, आपले शनवार तेली. त्यांची परंपरा सांगते, की सगळा समाजच हिब्रू प्रार्थना विसरला होता, पण ‘शेमा’ तेवढा राहिला. लहानपणी पहिल्यांदा शिकवतात तो हाच, रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायचा. म्हणून मुलाचं नाव न आठवणाऱ्या आजीच्या उशाशी बसून कुणी तो सुरू करतं. कधी ती पुढचे शब्द म्हणते, कधी नाही.