सेगाव, शेगाव आणि स्विच

सेवाग्रामचं मूळ नाव सेगाव, हे आमच्या वर्धा जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. नाव का बदललं, हे मात्र पुष्कळांना सांगता येत नाही. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले आणि टपालाचा ओघ सुरू झाला. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात, याच रेल्वेमार्गावर, गजानन महाराजांचं शेगाव. पत्रं भलतीकडे जाऊ लागली, म्हणून १९४० साली सेगावचं सेवाग्राम झालं.

आता हे स्विचच्या निमित्ताने का आठवलं? स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे हं! लहान ऑफिसात, शाळेच्या संगणक खोलीत टेबलाखाली पडलेली ती पाच-आठ पोर्टची, लुकलुकणारी डबी. तिचं सारं काम पत्ता वाचण्याचं.

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत मांडली. एकच केबल, सगळे संगणक तिला जोडलेले. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाणार. दोघं एकदम बोलले की गोंधळ, मग दोघांनी थांबून पुन्हा बोलायचं. (वर्गावर तीस-पस्तीस वर्षं काढलेल्याला हे समजावून सांगायला नको.) पुढे हब आला, वायरी सुटसुटीत झाल्या, पण रीत तीच. एकाचं पाकीट सगळ्यांच्या दारात. ज्याचं नाही त्याने फोडू नये, एवढाच भरवसा. ऑफिसातलं पगारपत्रकसुद्धा त्याच भरवशावर फिरायचं!

१९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने सात पोर्टचा स्विच बाजारात आणला. अनेक पोर्टचा पहिला इथरनेट स्विच तोच. कंपनीचं नाव 'कल्पना'! सहसंस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. पत्नीचं नाव त्यांनी कंपनीला दिलं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली आणि नाव मागे पडलं. मला याची जरा हळहळ वाटते. असो.

गंमत आहे ती स्विच शिकतो कसा यात. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा पत्ता असतो. पाकीट आलं की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता टिपून घेतो. हा अमुक पोर्टवर राहतो, अशी नोंद झाली. घेणारा माहीत नसेल तर नव्या पोस्टमनसारखा सगळ्या दारी विचारतो. उत्तर आलं की तेही घर कळतं. कुणी काही मिनिटं गप्प राहिला की त्याची नोंद पुसून टाकतो. हे त्याला कुणी शिकवत नाही, म्हणूनच हजार रुपयांच्या आतली ही डबी लावायला तंत्रज्ञ लागत नाही.

पण तिला विचारायची सोयही नाही, हे विसरू नये. एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून तिच्यात खोचली, तर 'सर्वांसाठी' असलेलं पाकीट गोल गोल फिरत वाढत जातं आणि सगळं ऑफिस ठप्प. यावरचा उपाय राडिया पर्लमन या बाईंनी १९८५ सालीच शोधला होता. स्वस्तातल्या डबीत तो बहुधा नसतो. दिवे मात्र जोरजोरात लुकलुकत राहतात. अशा वेळी एकेक वायर उपसून बघायची.