राजधान्या फिरल्या, पालिका राहिली

रायपूरची नगरपालिका १८६७ सालची. नागपूरची तिच्याहून तीन वर्षांनी वडील. बिंबाजी भोसल्यांची राजधानी रतनपूर होती. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रायपुरास हलविले आणि या गावास शहरपण आले. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला, तेव्हा येथील पालिका पंधरा वर्षांची होती.

पुढील इतिहास वाचताना एक मौज ध्यानात येते. रायपूर जागचे हलले नाही, परंतु त्याचा कायदा करणारी राजधानी हलत राहिली. १९२२ चा मध्यप्रांताचा नगरपालिका अधिनियम नागपूरच्या कायदेमंडळाने केला. म्हणजे येथील नळ, गटारे व घरपट्टी यांचे नियम आपल्याच विदर्भात ठरत होते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला. नगरपालिक निगम अधिनियमही त्याच वर्षाचा. त्याच्या आधारे १९६७ मध्ये रायपूर नगर निगम झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे झाले तेव्हा जुन्याच अधिनियमास नव्या राज्याचे नाव लागले, साल मात्र १९५६ च राहिले. जन्माआधी चव्वेचाळीस वर्षांचा कायदा असलेले हे राज्य!

हा अधिनियम मी वयाच्या पन्नाशीनंतर वाचावयास घेतला, याची थोडी लाज वाटते. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीच्या गावी सरकारी वसाहतीत राहावयाचे; घटनेच्या २८५ व्या कलमान्वये केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा कर सर्वसाधारणपणे बसत नाही, म्हणून घरपट्टीचे बिल कधी हाती आले नाही. त्यामुळे पालिका म्हणजे पाणी आले नाही की आठवणारी संस्था, एवढीच माझी समजूत होती. मतदारयादीत नाव घालण्याचा प्रश्न पूर्वीच्या तीन गावी मनातही आला नाही. ‘आपण काय, पाहुणे,’ असे आम्ही म्हणत असू.

कायद्यात मात्र पाहुण्यांचे कलम सापडले नाही. प्रभागात राहणारा, अठरा वर्षांचा, यादीत नाव असलेला तो मतदार. मातृभाषा कोणीच विचारीत नाही. १९९३ च्या जूनपासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या व स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा घटनेतच लिहिल्या. महापौर कोणी निवडावा, हे मात्र बदलत राहिले : २०१९ मध्ये पार्षदांनी (आपण ज्यांना नगरसेवक म्हणतो त्यांनी), २०२५ च्या फेब्रुवारीत थेट मतदारांनी.

त्या वेळी मी प्रथमच येथे मत दिले. अर्ज भरताना सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, आपण इथले कधीपासून झालो?’’ उत्तर सुचले नाही. केंद्रावर आपल्या मंडळातील तीन कुटुंबे भेटली. आमच्या वसाहतीत मराठी बिऱ्हाडे अकरा आहेत.