पोचल्याचं पत्र

2024 पासून ऑस्ट्रेलियाने भारतीय तरुणांसाठी एक नवा व्हिसा सुरू केलाय. वर्क अँड हॉलिडे. वय 18 ते 30, वर्षाला 1000 जागा, आणि अर्ज जास्त येतात म्हणून चक्क सोडत. वर्षभर देश फिरायचा, पैसे संपले की कुठेतरी शेतावर नाहीतर हॉटेलात काम धरायचं, पुन्हा पाठीवर सॅक टाकून निघायचं. युरोपातली पोरं हे गेली चाळीस-पन्नास वर्षं करतायत. आता आपली करणार.

घरात यावर दोन प्रकारची माणसं बोलतात. एक म्हणतात, "कशाला ते? जाऊच नको." (मुलगी असेल तर हे वाक्य दोनदा.) दुसरे म्हणतात, "काही होत नाही हो, ऑस्ट्रेलिया म्हणजे एकदम सेफ." दोघांनीही एक जुनी गोष्ट ऐकायला हवी.

आपल्याकडे ठेंगा दाखवणं म्हणजे 'जा, देत नाही' म्हणणं. तिकडे रस्त्याकडेला उभं राहून ठेंगा दाखवला की गाडी थांबते. हेच हिचहायकिंग. 1970 आणि 80 च्या दशकात ऑस्ट्रेलियात हा फिरण्याचा अगदी सर्वमान्य प्रकार होता. सिडनी ते मेलबर्न जाणारा ह्यूम हायवे म्हणजे तर बॅकपॅकर लोकांचा राजरस्ता. सिडनीबाहेरच्या लिव्हरपूल भागात उभं राहायचं, मिळेल त्या गाडीने दक्षिणेकडे सरकायचं.

25 जानेवारी 1990. इंग्लंडहून आलेला, पूर्वी नौदलात असलेला एक तरुण असाच तिथे उभा होता. एकाने त्याला गाडीत घेतलं, नाव सांगितलं बिल. वाटेत गप्पा झाल्या. बेलँग्लो नावाच्या सरकारी जंगलाचा फाटा जवळ आला तशी गाडी कडेला थांबली आणि बिलने आधी पिस्तूल काढलं, मग दोरी. पोरगा दार उघडून भर हायवेवर पळत सुटला. मागून गोळी झाडली गेली. समोरून येणाऱ्या एका बाईंनी गाडी थांबवली, त्याला आत घेतलं आणि थेट बाऊरलच्या पोलिस ठाण्यात नेलं. त्याने गाडीचं वर्णन सांगितलं, माणसाचं वर्णन सांगितलं. सॅक आणि पासपोर्ट गाडीतच राहिले होते, तेही सांगितलं.

आणि ती तक्रार हरवली!

या घटनेच्या काही आठवडे आधी, डिसेंबर 1989 मध्ये, मेलबर्नकडचं एक तरुण जोडपं याच रस्त्यावर बेपत्ता झालं होतं. जानेवारी 1991 मध्ये एक जर्मन मुलगी गायब झाली. तिची आई तिला भेटायला मेलबर्नला येणार होती. आई आली, मुलगी आलीच नाही. डिसेंबर 1991 मध्ये एक जर्मन जोडपं. एप्रिल 1992 मध्ये दोन ब्रिटिश मुली. म्हणजे तक्रार नोंदवल्यानंतर पाच जण गेले. पाच.

सप्टेंबर 1992 मध्ये बेलँग्लोच्या जंगलात नकाशा घेऊन धावण्याचा खेळ खेळणाऱ्या लोकांना पहिला मृतदेह सापडला. दुसऱ्या दिवशी जवळच दुसरा. 1993 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाकीचे. एकूण सात. मोठं तपास पथक बसलं, पाच लाख डॉलरचं इनाम जाहीर झालं. इंग्लंडला परतलेल्या त्या तरुणाने बातम्या पाहिल्या आणि नोव्हेंबर 1993 मध्ये स्वतः ऑस्ट्रेलियाला फोन केला. गाडी थांबवणाऱ्या बाईंनीही आपण होऊन पोलिसांना कळवलं. पण हजारो फोनच्या ढिगाऱ्यात त्याची चिठ्ठी एप्रिल 1994 पर्यंत पडून राहिली. शेवटी ती एका अधिकाऱ्याच्या हाती लागली. बाऊरलला शोधाशोध झाली तेव्हा मूळ तक्रार नव्हतीच, पण एका कॉन्स्टेबलच्या वहीत त्या दिवशीची टिपणं होती. तरुणाला विमानाने बोलावलं, त्याने फोटोंमधून माणूस ओळखला आणि 22 मे 1994 रोजी इव्हान मिलाट पकडला गेला. रस्त्याच्या कामावर मजुरी केलेला माणूस. 1996 मध्ये सात जन्मठेपा झाल्या, 2019 मध्ये तो तुरुंगात मेला.

ही गोष्ट सहसा 'राक्षस कसा होता' अशी सांगितली जाते. पुस्तकं, मालिका, सगळं त्याच अंगाने. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. हा माणूस इतकी वर्षं मोकळा राहिला कारण त्याने माणसं निवडली ती अशी, की आत्ता या घडीला ती कुठे आहेत हे कुणाच्याच कागदावर नव्हतं. घर हजारो किलोमीटरवर. हॉस्टेल सोडलेलं. पुढच्या गावात कुणी वाट बघत नाही. महिनाभर फोन आला नाही तर आईबापांना वाटायचं, फिरत असेल. आणि ज्या एकाची नोंद झाली, ती सरकारनेच हरवली.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण. पोलंड. कम्युनिस्ट राजवट, 1958 साल. तिथे विद्यार्थी लिफ्ट मागत फिरतात म्हणून सरकारने बंदी घातली नाही. उलट एक पुस्तिका विकायला काढली. पुस्तिका घेतली की नाव नोंदलं जायचं, विमा मिळायचा. आत किलोमीटरची कूपनं. रस्त्यावर पुस्तिकेवरचं लाल वर्तुळ दाखवून गाडी थांबवायची, उतरताना जितकं अंतर झालं तितकी कूपनं ड्रायव्हरला द्यायची. ड्रायव्हरने ती जमा करून पाठवली की बक्षिसांच्या स्पर्धेत भाग घेता यायचा. ही योजना 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. तिथे काहीच वाईट घडलं नसेल असा माझा दावा नाही. पण कल्पना बघा: प्रवाशाचं नाव कुठेतरी आहे, आणि ड्रायव्हरला कूपन पाठवून स्वतःची ओळख देण्यात फायदा आहे.

"ते सगळं जुनं झालं, आता मोबाइल आहे," असं कुणी म्हणेल. मग 2016 घ्या. ॲडलेडहून मेलबर्नला जायला दोन परदेशी मुलींनी, एक ब्राझीलची, एक जर्मनीची, ऑनलाइन जाहिरात टाकून लिफ्ट मिळवली. वाटेत सॉल्ट क्रीकजवळ कुरॉंगच्या किनाऱ्यावर मुक्काम ठरला. शंभर किलोमीटरहून लांब वाळूचा पट्टा, वस्ती नाही. तिथे त्या माणसाने एकीला बांधून अत्याचार केला, दुसरीच्या डोक्यात हातोडा घातला, जीप अंगावर घातली. मासे धरायला आलेल्या लोकांची गाडी दिसली म्हणून दोघी वाचल्या. त्याला 22 वर्षांहून जास्त शिक्षा झाली. रस्त्यावर ठेंगा दाखवला काय आणि जाहिरातीतून ठरवलं काय, अनोळखी माणसाची गाडी ती अनोळखीच. फक्त स्क्रीनवर चॅट झाल्यामुळे ओळख झाल्यासारखी वाटते.

आणि तिथला समुद्रही जीव घेतो, हेही सांगायला हवं. जानेवारी 2024 मध्ये मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडवर भारतीय वंशाचे चार जण बुडाले. किनारा सुंदर, पण जीवरक्षक नसलेला. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं हा तिथला साधा नियम आहे. निर्जन किनाऱ्यावर झेंडेच नसतात, म्हणजे पोहायचं नाही. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झटापट करू नका, तरंगत राहा, हात वर करा.

तर निघणाऱ्यांसाठी, थोडक्यात:

क्वीन्सलंड आणि व्हिक्टोरियात रस्त्यावर लिफ्ट मागणं कायद्यातच बसत नाही. लिफ्ट घेतलीच तर बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका, आणि ड्रायव्हरला दिसेल असा टाका. सॅक डिकीत नको, मांडीवर. पासपोर्ट, फोन, पैसे अंगावर. ठरलेला रस्ता सोडून "एक मस्त बीच दाखवतो" असं सुरू झालं की पुढच्या पेट्रोलपंपावर उतरायचं, भिडेखातर बसून राहायचं नाही.

तंबू भरतीच्या रेघेच्या बराच वर. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण कोकणातल्या माणसाला सांगायला नको, तिकडेही चंद्र तोच आहे. उत्तरेकडे मगरींचा भाग, तिथे पाण्यापासून किमान 50 मीटर लांब. नोव्हेंबर ते मे तिथे विषारी जेलीफिशही असतात.

इमर्जन्सी नंबर 000. मोबाइलवरून 112 लावलात तरी चालतो, पण रेंज हवी. रेंज नसलेल्या जागी पर्सनल लोकेटर बीकन नावाचं छोटं यंत्र उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला कळवतं. त्याची नोंदणी फुकट आहे आणि त्यात घरच्यांचे नंबर भरता येतात. पोलिसांत काही सांगितलंत तर तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. बाऊरलची गोष्ट आठवा.

आणि एक मागणी आपल्या सरकारकडे. वर्षाला जास्तीत जास्त 1000 जण या व्हिसावर जाणार. कॅनबेरात आपलं उच्चायुक्तालय आहे, सिडनी, मेलबर्न, पर्थला वाणिज्य दूतावास आहेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी पुढचा मुक्काम कळवावा, ठरलेल्या दिवशी निरोप आला नाही तर कुणीतरी फोन लावावा, एवढी नोंदवही ठेवणं खरंच इतकं अवघड आहे? प्रवाशांची नावं नोंदवून ठेवणं पोलंडने 1958 मध्ये कागदी पुस्तिकेवर करून दाखवलं.

आपल्या आज्या-पणज्या गावाहून मुंबईला निघालेल्या माणसाला सांगायच्या, "पोचल्याचं पत्र टाक." आपण त्याला काळजीखोरपणा म्हणून हसलो. ती एक व्यवस्था होती: अमुक दिवसात पत्र आलं नाही तर घरातलं कुणीतरी उठून शोधायला निघायचं. पोरांना अडवू नका. पण दर दोन दिवसांनी, ठरलेल्या वेळी निरोप यायला हवा आणि तो चुकला तर घरच्यांनी नेमकं कुणाला फोन करायचा, हे निघण्याआधी दोघांनी बसून लिहून ठेवा.