पांडवांची नव्हे, त्रिरश्मी बुद्ध लेणी!

नाशिकला कुणालाही रस्ता विचारा, तो ‘पांडवलेणी’ सांगेल. पाटीवरही तेच नाव. पण लेणीत कोरलेल्या शिलालेखांत ही लेणी पांडवांनी कोरल्याचा उल्लेख नाही. तिथे डोंगराचे नाव आहे ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी. मग पांडव आले कुठून?

लेणी क्रमांक १० मधला लेख पाहा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण असे व्याज. त्यातून भिक्खूंना चिवर व इतर खर्च मिळायचा. म्हणजे जवळपास १९०० वर्षांपूर्वी राजघराण्याचा पैसा विणकरांच्या हाती विश्वासाने ठेवला जात होता! क्रमांक १८ च्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाचे दान कोरलेले आहे. म्हणजे अख्ख्या गावाने दान दिले.

हा आपला वारसा केवळ राजांचा नाही. हात राबवणाऱ्यांचा आहे. आणि नाव पुसले की मालकी पुसली जाते. लोक ब्राह्मी वाचायला विसरले, म्हणून कथा चिकटवणे सोपे गेले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला आणि दगड पुन्हा बोलू लागले. तरी चुकीचे नाव तसेच राहिले. हा निव्वळ अडाणीपणा म्हणायचा का?

काहीजण म्हणतात, ‘नावात काय आहे? लेणी तर शाबूत आहे ना!’ मित्रांनो, ज्यांना शतकानुशतके नाव, गाव आणि इतिहास नाकारला गेला, त्यांना हा प्रश्न विचारूच नये.

संविधानाचे कलम २९(१) वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क देते. कलम ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाचे दायित्व राज्यावर टाकते, तर कलम ५१(क) आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवते. म्हणजे वारसा ही पर्यटन खात्याची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे.

पण हक्क मागण्याआधी वाचता आले पाहिजे. म्हणून लेणीवर फक्त सेल्फी काढायला जाऊ नका. ब्राह्मीची बाराखडी शिका, शिलालेख वाचा, सोबतच्या मुलांना वाचून दाखवा. पाटी बदलण्याचे निवेदन लेखाच्या पुराव्यासह द्या. दगडाने साक्ष जपली आहे. ती वाचणे आपले काम!

जय भीम! नमो बुद्धाय!