भरतीला प्रभादेवीत

1780 चा श्रावण. तुम्ही प्रभादेवीच्या देवळासमोर उभे आहात. देऊळ 1715 चं, म्हणजे आत्ताच पासष्ट वर्षांचं. पूर्वेला परळकडे निघालात तर आधी चिखल लागतो, मग खाजण. भरती आली की वरळी आणि महालक्ष्मीमधल्या खिंडारातून समुद्र आत शिरतो, मुंबईच्या बेटांमधला सखल भाग भरून टाकतो. याला कोणी पूर म्हणत नाही. ओहोटीला पाणी आल्या वाटेनं परत जातं.

चार वर्षं पुढे या. हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा होतो, खिंडार बुजतं. समुद्र बाहेर राहिला खरा, पण बांधानं सखल जमीन उंच झाली नाही.

एकोणिसाव्या शतकात सिद्धिविनायकाजवळ नर्दुल्ला तलाव दिसेल. डोळे भरून पाहून घ्या. पुढे तिथे मैदान आहे. भोवती गिरण्या, चाळी, मग टॉवर. जमिनीखालच्या जुन्या वाहिन्या तासाला 25 मिमी पावसाच्या हिशेबाच्या, तेही ओहोटी असेल तरच.

आता 29 ऑगस्ट 2017. गणपतीचे दिवस. सांताक्रूझला 300 मिमीहून जास्त पाऊस पडलाय. एल्फिन्स्टन रोड स्टेशनाबाहेर (‘प्रभादेवी’ हे नाव त्याला पुढच्या वर्षी मिळेल) पाणी मांडीला लागतं. गढूळ, तेलकट, थर्माकोलचे तुकडे वाहून आणणारं. पाय टाकण्याआधी छत्रीच्या टोकानं चाचपा. पाणी कुठे भोवरा धरत असेल तर तिकडे फिरकू नका. आज याच भागात गाडीतून उतरून घराकडे चालत निघालेले बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी मृतदेह वरळीला समुद्राजवळ सापडेल. पाणी लवकर उतरावं म्हणून रहिवाशांनीच झाकण काढलं होतं, असं पुढे चौकशीत आलं. त्या माणसांना दोष देताना माझी जीभ अडखळते. पाणी घरात शिरत असताना दुसरं काय सुचणार?

त्यानंतर मॅनहोलच्या झाकणांखाली जाळ्या बसू लागल्या. वरळीत लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदरचे पंप आधीपासून होतेच. भरतीला समुद्राकडची फाटकं बंद झाली की ते पाणी समुद्रात फेकतात. आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली हिंदमाता भागात तुंबणारं पाणी भरती ओसरेपर्यंत साठवायला टाक्या खोदल्या. जुने तलाव बुजवायचे आणि मग कोट्यवधी खर्चून जमिनीखाली नवे बांधायचे! तरी माझ्या मते पालिकेनं केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम. पंप पाण्याला हाकलतो, टाकी त्याला थांबायला जागा देते, आणि या सखल भागात नेमकी तीच उरली नव्हती.

आता स्वतःच्या वर्षात परत या. पाऊस लागला की भरतीची वेळ बघून घराबाहेर पडा. पाणी कितीही चढलं तरी झाकणाला हात लावू नका. 1916 वर पालिकेला फोन करा.